कोतवालाची शीळ

धरणामागच्या रानात आम्ही पक्ष्यांच्या नोंदी करत हिंडत होतो. झाडीतून एक लांब शीळ आली, शेवटी वर वळणारी. आमच्यापैकी कुणालाच ती ओळखता येईना. नवा पक्षी! जिल्ह्यातली पहिली नोंद आपली! मी घाईघाईने मोबाइलवर आवाज टिपला. मग पानांतून बाहेर आला तो नेहमीचाच कोतवाल, नकला करण्यात पटाईत. पण नक्कल कुणाची?

शांतामावशी आमच्याबरोबर होत्या. धरणात बुडालेलं गाव हे त्यांचं माहेर. त्यांनी तो आवाज पुन्हा लावून ऐकला आणि फोन माझ्या हातात दिला.

"पक्षी नव्हे हा. माझे वडील म्हशींना पाणी पाजताना अशी शीळ घालायचे. शीळ ऐकल्याशिवाय म्हैस पाण्याला तोंड लावायची नाही."

गाव उठलं तेव्हाचे कोतवाल कधीच मेले असणार. म्हणजे पिल्लं ही शीळ आईबापांकडून शिकत आली, म्हैस न पाहताच. आता नोंद तरी कशाची करायची?

पुन्हा शीळ आली. वारा अजिबात नव्हता. तरी खाली काठाशी पाणी संथ हलू लागलं, कुणीतरी तोंड लावल्यासारखं.