चादरींना हात लावू नका

आमच्या भाचीला गल्लीत सगळे ‘भोंगा’ म्हणतात, आणि त्यात गल्लीची काही चूक नाही. ती तळमजल्यावर हळू बोलली तरी गच्चीवरचा माणूस ओ देतो. मी तिचा मामा. बहिणीच्या लाँड्रीत इस्त्रीचं टेबल माझं. बहीण धुते, मी इस्त्री करतो आणि भोंगा कॉलेजातून आली की आम्हा दोघांना अक्कल शिकवते.

आमची सगळी गल्लीच धुणाऱ्यांची, आणि गल्लीच्या पाठीला कारखाना. त्याच्या भट्टीला परवानगी कोळशाची, पण जाळायचे जुनं रबर आणि तेलकट चिंध्या. चिमणीने काळा धूर सोडला की कोणीतरी ‘काढा!’ म्हणून ओरडायचं आणि सगळ्या बायका हातातलं टाकून गच्चीवर धावायच्या. पापणी लवायच्या आत दोऱ्या रिकाम्या! एखाद्या कपड्यावर काजळी बसलीच, तर तो मुकाट्याने पुन्हा धुवायचा. तक्रार करायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग धुराने बहिणीची छाती धरली, जिना चढताना तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, धूर थांबत नसेल तर जागा बदला, उशीर करू नका. गल्ली सोडायची म्हणजे लाँड्री सोडायची. बहिणीने निमूटपणे सामान आवरायला घेतलं. भोंगा मात्र पेटली.

“आईने का जायचं? धूर त्यांचा, तर त्यांनी जावं!”

तिने गल्लीतली आपल्या वयाची पोरं जमवली. अर्ज केले, हेलपाटे घातले. जो तो पुरावा मागायचा. तेव्हा तिला चादरींचं सुचलं. प्रत्येक गच्चीवर एक पांढरी चादर टांगायची, आठवडाभर काढायची नाही, आणि धुवायची तर मुळीच नाही. हे आमच्या बायकांच्या गळी उतरवताना पोरांच्या नाकी नऊ आले. पण आठवड्यात चादरी पोतेऱ्यासारख्या झाल्या, आणि पर्यावरण खात्याचे साहेब पाहणीला येणार हेही ठरलं.

त्या सकाळी भोंगा साहेबांना घेऊन आमच्या गच्चीवर आली. मागून कारखान्याचा मॅनेजर. समोर गच्च्यागच्च्यांवर चादरी होत्या, पण कशा? पांढऱ्याशुभ्र! नीळ दिलेल्या, कांजी केलेल्या, अजून पाणी ठिबकत असलेल्या.

“आई, हे काय?”

“अगं, साहेब येणार म्हणालीस ना?” बहीण कौतुकाने म्हणाली. “बाहेरच्या माणसापुढे मळक्या चादरी? धुणाऱ्यांची गल्ली आहे ही! पहाटे उठून सगळ्यांनी धुतल्या.”

भोंग्याच्या तोंडून शब्द फुटेना. उभ्या जन्मात मी तिला इतकी गप्प पाहिली नव्हती. मॅनेजरला हसू आवरेना.

“बघितलंत साहेब? पोरांचे उद्योग हे.”

साहेबांनी हेल्मेट उचललं. मॅनेजरने जिन्याच्या तोंडाशीच हात मिळवला आणि छाती काढून निघून गेला. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण बहिणीच्या घरातून चहा न घेता कोणी गेलंय कधी? तिने साहेबांना बळेच बाकावर बसवलं.

साहेबांना धूर दिसू नये म्हणून भट्टी आदल्या दिवसापासून बंद ठेवली होती, कारखान्यात माल अडला होता. साहेब गेले असं समजून मॅनेजरने ती पेटवायला लावली. साहेबांचा चहा अर्धाही झाला नव्हता, तोच चिमणीने काळा लोट सोडला.

“काढा!” शेजारची काकू ओरडली. सवयच ती. सगळ्या गच्च्यांवर एकच पळापळ झाली. बहिणीने तर चादरीचा कोपरा धरलासुद्धा.

“हात लावू नका!”

भोंगा वाजला. सगळी गल्ली जागच्या जागी थांबली. “कोणीही चादर काढायची नाही! साहेबांना बघू द्या!” गच्चीगच्चीवरून पोरांनी तीच हाक पुढे दिली.

“अगं, पण आत्ताच धुतलीय गं,” बहीण म्हणाली.

“माहितीय आई. सोड ती.”

बहिणीने कोपरा सोडला. आयुष्यभर कपडा जपणाऱ्या बाईने तो डोळ्यांदेखत मळू दिला. मला रडू आवरलं नाही.

ओल्या, कांजीच्या कापडावर काजळी अशी चिकटली की विचारू नका. साहेबांच्या चहात कण पडले, पांढऱ्या शर्टावर ठिपके उमटले. त्यांनी कप खाली ठेवला, फोटो काढले आणि मॅनेजरला फोन लावला.

“मी अजून गच्चीवरच आहे,” एवढंच म्हणाले.

पुरावा म्हणून त्यांनी चादर मागितली. बहिणीने ती मळकी चादरही व्यवस्थित घडी घालूनच दिली. तेवढ्यात काकू ओरडली, “साहेब, माझीही न्या! माझी जास्त काळी झालीय!” मग काय, गल्लीभर चढाओढच लागली.

त्याच आठवड्यात भट्टीला सील लागलं. पोरांनी कारखान्याच्या फाटकासमोर आनंदाने घसा बसेपर्यंत आरडाओरडा केला. मीही केला, लाज कसली त्यात? आता नदीपलीकडच्या वस्तीतली मुलं भोंग्याला बोलवायला येतात. त्यांचं सांडपाण्याचं भांडण आहे. ती उठते आणि जाते. कपडे पोचवायला कोणी उरलं नाही, ही माझी ओरड घरात कोणी मनावर घेत नाही.

परवा बहीण दोन्ही हातांत ओल्या कपड्यांच्या बादल्या घेऊन जिना चढली. मी मागून टोपली घेऊन. ती मध्ये कुठेच थांबली नाही. गच्चीवर पोचून तिने बादल्या खाली ठेवल्या, वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू का रे एवढ्या धापा टाकतोयस?”