दोनशे पंधराची प्लेट

मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रापेक्षा गॅरेजची एस्टिमेटं जास्त वाचली जातात. एकतीस वर्षं तिनं स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळला. कुठल्या गाडीला कुठला पार्ट लागतो, अस्सल कितीला पडतो, नकली कितीला, आणि तो बदलायला किती तास लागतात, हे सगळं तिला तोंडपाठ. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण गल्लीतला कुणीही गाडी गॅरेजात टाकून आला की स्वतःच्या घरी जायच्या आधी मावशीची बेल वाजवतो. कागद टेबलावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. मावशी चष्मा लावते, लाल पेन्सिल उचलते आणि कागद खालून वर वाचते. तिचं म्हणणं, लबाडी नेहमी तळाला ‘इतर किरकोळ’ असं नाव घेऊन बसलेली असते. पटलं तर कोपऱ्यात ‘रास्त’ लिहिते. नाही पटलं तर त्या ओळीभोवती गोल काढते. एका कागदावर तीन गोल झाले की कागद परत करते आणि म्हणते, “ह्याच्याकडून गाडी आजच्या आज उचल.”

तिचा आणखी एक नियम आहे, आणि तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या अर्ध्यावर गेला की गाडी विकायची. जुन्या गाडीवर जीव जडलेल्या माणसाला ती हे इतकं कोरडेपणानं सांगते की समोरच्या शेजाऱ्यानं एकदा दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग त्यानं नवी गाडी घेतली, आणि तिचं पहिलं एस्टिमेट घेऊन तोच निमूटपणे टेबलापाशी येऊन बसला.

मी तिची भाची. माणसांचे गुडघे, खुबे, खांदे ह्यांचं ऑपरेशन झालं की घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. गाडी नसेल तर हे काम नाही. आणि माझी गाडी म्हणजे खरं तर काकांची, मावशीच्या नवऱ्याची. चार वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा मावशीनं किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, “दारात उभी राहून गंजेल. तू फिरव.” तेव्हाच गाडी सतरा वर्षांची होती.

काका शाळेची प्रयोगशाळा सांभाळायचे. बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून डकवून त्यांना प्रत्येक वस्तूवर सूचना लिहायची खोड लागली होती. मावशीच्या घरात अजून त्या आहेत. स्वयंपाकघरातल्या खणावर पांढऱ्या रंगात बारीक अक्षर: ‘अडकतो. उचलून ओढा.’ न्हाणीघरातल्या नळावर: ‘उजवीकडे जास्त पिळू नये.’ मावशी पाहुण्यांना सांगायची, “उद्या माझ्या कपाळावर पण काहीतरी लिहून ठेवतील.” ते गेल्यावर तिनं घराला रंग दिला, पण खणाचं दार तेवढं रंगवू दिलं नाही.

गेल्या गुरुवारी टेकडीच्या चढावर गाडीनं जीव टाकला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मागे येत होती. ती ओढून हॉस्पिटलजवळच्या एका नव्या गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक चाळिशीचा, आणि त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट काढण्याइतकं कष्टाचं. “क्लच गेलाय,” एवढं म्हणाला आणि शुक्रवारी हातात कागद दिला.

आता वेळ अशी, की सोमवारपासून टेकडीच्या पलीकडचे नऊ पेशंट हॉस्पिटलनं मला दिले होते. वर्षभर मी ते मागत होते. तिकडे बस जात नाही. मी सोमवारी पोचले नाही तर ते दुसऱ्या कुणाला देणार, हे मला तिथल्या साहेबांनी गोड आवाजात सांगितलं होतं. दुसरी गाडी घेण्याइतकी माझी ऐपत नव्हती. म्हणजे ही दुरुस्त झाली तर काम, नाहीतर नाही.

शनिवारी सकाळी मी कागद टेबलावर ठेवला आणि गप्प बसले. मावशी खालून वर वाचत गेली.

“दोन तास जादा मजुरी, ब्रॅकेट काढ-घाल,” ती म्हणाली. “ह्या गाडीला तिथे ब्रॅकेटच नाही.” गोल.

“गिअरबॉक्सचं तेल लिहिलंच नाही. गिअरबॉक्स उतरवणार आणि कोरडाच चढवणार?” रिकाम्या जागेत गोल.

मग ती वरच्या ओळीशी आली आणि तिच्या तोंडावर मला ते हसू दिसलं, ज्याच्यासाठी गल्लीतली माणसं तिच्याकडे येतात. “दोनशे पंधरा मिलिमीटरची क्लचप्लेट. अगं, ह्या गाडीला एकशे नव्वदची लागते. मोठ्या गाडीची प्लेट गळ्यात मारतोय. बसणारसुद्धा नाही ती.” तिसरा गोल इतका जोरात काढला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

“आणि बेरीज बघ,” ती म्हणाली. “अर्ध्याच्या वर चाललीय.”

“म्हणजे काय करू?”

“ह्याच्याकडून उचल. दुसरीकडे दाखव. तिथेही अर्ध्यावर गेलं, तर विक.”

“काकांची गाडी?”

“गाडी ही गाडी असते.” मग तिनं तिची लाडकी गोष्ट सुरू केली. ती मी चाळीस वेळा तरी ऐकली असेल. पंधरा वर्षांपूर्वी ह्याच गाडीला एका गॅरेजनं ‘गिअरबॉक्स कामातून गेला’ म्हणून भलंमोठं एस्टिमेट दिलं होतं. मावशी म्हणाली, विका. काका म्हणाले, एका मित्राला दाखवतो. दहा दिवसांनी गाडी घेऊन आले, तर निघालं काय? नुसतं एक फाटलेलं रबरी सील. तेव्हापासून मावशी त्या गॅरेजचं नाव निघालं की नाक मुरडायची, आणि काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा ऐकवायची.

मला राग आला. गोष्ट ऐकायला मला वेळ नव्हता. “मावशी, सोमवार परवा आहे,” मी म्हटलं. “तू चल माझ्याबरोबर. त्याच्या तोंडावर सांग.”

तिला हेच हवं होतं. तिनं पेन्सिलीला टोक केलं, कागदाची नीट घडी घातली आणि रस्त्यात दोन माणसांना थांबवून आपण कुठे चाललोय ते सांगितलं.

गॅरेजात आमची गाडी लिफ्टवर डोक्याच्या वर उचललेली होती. मावशीनं कागद मेकॅनिकच्या हातात दिला आणि प्रत्येक गोलावर बोट ठेवत एकेक मुद्दा मांडला. आवाज चढवला नाही, पण शेवटी म्हणाली, “एकतीस वर्षं मी हेच विकलंय. मला टोपी घालणारा अजून जन्मायचाय.”

मेकॅनिकनं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसले आणि म्हणाला, “बाई, जरा खाली येऊन बघता का?”

आम्ही लिफ्टखाली गेलो. त्यानं टॉर्च लावला. वर तेलाचा आणि धुळीचा काळा थर, इतका की काय कुठे आहे कळू नये. पण गिअरबॉक्सच्या बाजूला एक ओंजळभर जागा पुसलेली होती, आणि तिथे पांढऱ्या रंगात बारीक अक्षर होतं. मी वाचायच्या आधी ओळखलं. खणाच्या दारावरचं अक्षर.

‘पुढच्या मेकॅनिकला: हा गिअरबॉक्स मोठ्या गाडीचा आहे. प्लेट २१५ची लागते. ब्रॅकेट घरी केलाय, सांभाळून काढा.’

“नंबर शोधायला पुसलं, तर हे निघालं,” मेकॅनिक म्हणाला. “त्यावरूनच लिहिलंय. ब्रॅकेट चांगला केलाय, पण चार बोल्ट आतून आहेत. दोन तास जातातच.”

मावशीनं ओठ हलवत ते पुन्हा वाचलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण तिला तोंडघशी पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघायचंही नव्हतं. पंधरा वर्षं ती ज्या गॅरेजच्या नावानं खडे फोडत होती, ते बिचारं खरं बोलत होतं. गिअरबॉक्स खरंच गेला होता. काकांनी भंगारातून मोठ्या गाडीचा आणला, दहा दिवस खपून बसवला, आणि घरी येऊन शांतपणे सांगितलं, नुसतं सील होतं.

“प्लेट कुठून घेतली असेल?” मावशी शेवटी म्हणाली. “माझ्या काउंटरवरून तर नाही. मला कळलं असतं.” मग तिचं तिलाच उत्तर मिळालं. “समोरच्या दुकानातून. माझ्या नवऱ्यानं समोरच्या दुकानातून पार्ट घेतला.”

हे तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलेलं दिसलं.

“खाली अजून काहीतरी आहे,” मेकॅनिक म्हणाला. “मी तेवढंच पुसलं होतं.”

मावशीनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं. टाचा उंचावून, एका हातानं माझा खांदा धरून ती पुसत राहिली. काळं तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. एकेक अक्षर वर येत गेलं.

‘दराबद्दल शंका आली तर माझ्या बायकोला विचारा. तिला सगळं कळतं, हे एक सोडून.’

मला रडूच आलं. मावशीला आधी हसू आलं, आणि मग तिचंही तेच झालं. मेकॅनिक पाठ फिरवून एक पाना उगाचच पुसत उभा राहिला.

“जाईपर्यंत अकरा वर्षं खोटं बोलला हा माणूस,” ती डोळे पुसत म्हणाली, आणि गालावर तेलाचा पट्टा उमटला. “माझ्यासमोर बसून. मी तो किस्सा सांगायची तेव्हा मान डोलवायचा.”

“तू विकायला लावली असतीस,” मी म्हटलं.

“लावलीच असती.” ती गाडीच्या पोटाकडे बघत राहिली. “आणि मग ही पंधरा वर्षं कुणी चालवली असती?”

मी गप्प बसायला हवं होतं. माझं काम, माझे नऊ पेशंट, सगळं तिच्या एका होकारावर होतं. पण तिच्याच टेबलापाशी मी वाढलेय, मला लपवाछपवी जमत नाही. “मावशी, पण बेरीज अर्ध्याच्या वर जातेय.”

“तेव्हाही जात होती,” ती म्हणाली.

तिनं मेकॅनिककडे वळून कागद मागितला. “मी तुम्हाला लबाड समजले. चुकलं माझं.”

“चूक माझीपण आहे,” तो म्हणाला. आठवड्याभराचे शब्द त्यानं एकदम खर्च केले असावेत. “गिअरबॉक्स दुसरा बसवलाय, हे कागदावर लिहायला पाहिजे होतं. नुसता आकडा बघून कुणालाही संशय येणार.”

“ते लिहाच. आणि तेल राहिलंय.” तिनं कागद लिफ्टच्या खांबावर टेकवला, दोन गोल खोडले, आणि तेलाच्या गोलाशेजारी स्वतःच्या हातानं तेल आणि त्याचा दर लिहिला. बेरीज वाढली.

“तुमच्या खिशातून कशाला घालायचं?” ती त्याला म्हणाली. “रास्त म्हणजे दोन्ही बाजूंनी रास्त.”

मग कोपऱ्यात तिनं तो शब्द लिहिला. अर्ध्याच्या वर गेलेल्या कागदावर तो शब्द मी पहिल्यांदाच पाहिला.

“सोमवारी सकाळी हिला टेकडी चढायचीय,” ती म्हणाली. “होईल?”

मेकॅनिकनं कागदाकडे पाहिलं, वर गाडीकडे पाहिलं. “उद्या येऊन करतो.”

मी त्याचे आभार मानत होते, तोवर मावशी त्याच्या टेबलाजवळ काहीतरी शोधत होती. घट्ट केलेल्या बोल्टवर खूण करायला गॅरेजवाले पांढऱ्या रंगाचं जाड पेन वापरतात. ते तिनं उचललं, त्याला विचारलंसुद्धा नाही. परत लिफ्टखाली आली, पुन्हा टाचा उंचावल्या आणि मला म्हणाली, “धर नीट. अक्षर वाकडं आलं तर त्यांना चालायचं नाही.”

मी दोन्ही हातांनी तिला धरलं. काकांच्या ओळीखाली तिनं सावकाश लिहिलं: ‘विचारलं. दर रास्त आहे. आता हेही कळलं.’

आणि त्याखाली तारीख घातली, पुढच्या मेकॅनिकसाठी.