लालमहंमदचं जुनं रीळ

लालमहंमद म्हणजे भिंगारातला एक नंबरचा कटकट्या माणूस. लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांच्या याद्या ठेवायला आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा टेपा सांभाळायचं काम त्याच्याकडे आलं. टेप म्हणजे चपट्या डब्यातलं भलंमोठं रीळ. टेपांच्या खोलीत चपला नाहीत, पदर झटकणं नाही, शिंकायचं तर बाहेर जाऊन. मी मशीनला माहिती द्यायच्या कार्डांना भोकं पाडणारी बाई, माझ्यावर तर त्याचा डोळाच. "मालनबाई, हाताला पीठ हाय का बगा." अहो, भाकऱ्या थापून येणाऱ्या बाईच्या हाताला काय अत्तर असणार?

त्र्याहत्तर साली ठरलं, की दसरा झाला की मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची. सगळं मशीन तिच्यावरच चालायचं. साहेबांना पहिल्या आवृत्तीवरून थेट तिसरीवर उडी मारायची होती. लालमहंमद म्हणाला, "साहेब, आदी दुसरी चढवून बगू. एकदम नको." साहेब म्हणाले, "तू डबे पूस."

खंडेनवमीला मशीनला हार घातला. जुम्म्याचा दिवस, नमाजाला जाताना लालमहंमद टेपांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन गेला. मला वाटलं, जुन्या सिस्टीमचं रीळ आता अडगळीत जाणार, पाच वर्षं राबलं बिचारं. औताला, विळ्याला हळदकुंकू वाहतो, मग यानंच काय घोडं मारलंय? डबा उघडला, चिमूटभर कुंकू वाहिलं, हात जोडले आणि झाकण लावून टाकलं.

सोमवारी तिसरी सिस्टीम चढली. तिला जुन्या याद्या वाचताच येईनात. मशीन ठप्प! साहेबांचा चेहरा पांढराफटक. "जुनं रीळ आणा, परत चढवा."

अगं बाई, कुंकू!

लालमहंमदनं झाकण काढलं आणि तसाच थिजला. वेढ्यावेढ्यांत लाल भुकटी. झाकण त्याच्या हातातून खाली पडलं. स्पिरिट आणि कापूस घेऊन तासभर पुसत बसला. रीळ चढवलं, दोनदा फिरलं आणि थांबलं.

"कुणी केलं हे?" साहेब कडाडले. "किल्ली कुणाकडं होती?"

नवऱ्याची नोकरी गेलेली, घरात तीन पोरं. लालमहंमदनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"किल्ली माजीच, साहेब. चूक माजी."

साहेबांना तेवढंच हवं होतं. टेपवाल्याच्या हलगर्जीपणामुळे सिस्टीम बदलता आली नाही, असा अहवाल गेला. उडीबद्दल एक अक्षर नाही! आठ दिवसांत लालमहंमदला कामावरून काढलं.

मी भिंगारला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, गौहरनं, चहा दिला. तिला काही ठाऊक नव्हतं, माझ्याशी किती गोड बोलत होती! ती आत गेल्यावर मी म्हणाले, "लालमहंमद, उद्या साहेबांना खरं सांगते."

"तुमची पोरं लहान हायेत, बाई."

"आणि तुमची?"

त्यानं बशीत चहा ओतून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या दारापर्यंत गेले. दारावर हात ठेवला. आतून साहेबांचा आवाज आला, "कोण आहे?" मी हात मागे घेतला.

"कुणी नाही साहेब," मी म्हणाले, आणि कार्डांना भोकं पाडायला जाऊन बसले.