मुलीला समजवायला निघालो: तुमसर ते खापरखेडा, मार्गे नागपूर

या वेळचा प्रवास देवदर्शनाचा नाही, जंगलाचा नाही आणि हवापालटाचाही नाही. रामटेकच्या पायऱ्यांबद्दल लिहिलं तेव्हा काही वाचकांनी विचारलं होतं, काका, आता कुठे? तर आता नागपूरला गेलो होतो, आणि कारण असं की माझी मुलगी वैशाली विधानसभेला उभी राहते म्हणते.

वैशाली खापरखेड्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामगार आहे. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याखाली सांडलेला कोळसा उचलायचा, झाडायचं, हे तिचं काम. ती युनियनचंही काम करते. त्या युनियनच्या पाठीशी लाल झेंड्याचा जो पक्ष आहे, त्याने तिला उमेदवारीबद्दल विचारलं. हा पक्ष विरोधातला, आणि विरोधकांतही लहान. आमच्या भागात त्याची अनामत रक्कम वाचली तरी लोक पेढे वाटतील. वैशालीचा गेटपास ठेकेदार दर थोड्या महिन्यांनी नवा करून देतो; पास नाही तर काम नाही. विरोधी पक्षाच्या उमेदवार बाईचा पास तो कशाला करून देईल? जावई लग्नसराईत गाड्या चालवतो, इतर वेळी काम मिळालं तर मिळालं. दोन लेकरं शाळेत आहेत. हे सगळं मी फोनवर सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, रविवारी नागपुरात आमच्या पक्षावर जाहीर चर्चा आहे. मले बोलाचं आहे तिथं. तुम्ही या, आयका, मंग बोलू."

बायको दारातून म्हणाली, "तिले नाई म्हणायले लावा, मंगच घरी या."

म्हणून शनिवारी सकाळी निघालो. ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुमसर गाव आणि तुमसर रोड स्टेशन यांत बरंच अंतर आहे. ऑटो भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून हातात वेळ ठेवा. मी इतका वेळ ठेवला की आधीची गाडीही माझ्यासमोरून गेली आणि ती माझीच होती की काय या भीतीने मी दोन माणसांना विचारलं. बीपीच्या गोळ्या वरच्या खिशात होत्या. तरी त्या आहेत का, हे मी पाहत होतो.

गाडीत समोर दोन जण निवडणुकीवरच बोलत होते. एक जण कपड्याचा दुकानदार वाटला, दुसरा शेतीची औषधं विकणारा.

दुकानदार म्हणाला, "खापरखेड्याकडच्या जागेवर लाल झेंडेवालेही मागणी करून राहिले म्हणते."

"ते अजून आहेत का गा?"

"आहेत ना. मोर्च्यात दिसते, मतदानाच्या मशीनीत नाई दिसत."

दोघंही हसले. मीही हसलो, कारण न हसता बसलो असतो तर त्यांना कळलं असतं. कन्हानचा पूल आला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पाणी कमी होतं, वाळू जास्त.

नागपूर स्टेशनवरून सीताबर्डीला मेट्रोने जा. ऑटोवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा ते बरं, आणि वरून शहर दिसतं. फक्त सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना मागच्यांनी ढकललं तरी घाई करू नका. बर्डीला एका ठेल्यावर तर्री पोहे, म्हणजे वरून झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खाल्ले. तर्री कमी टाका म्हटलं, तर तो म्हणाला, "काका, कमी तर्रीचे पोहे घरी खा." त्याने नेहमीचीच टाकली. पोटाला काही झालं नाही हे नमूद करतो.

तिथून सिटी बसने खापरखेडा. कोराडीच्या बाजूच्या धुराच्या उंच चिमण्या दिसायला लागल्या की समजावं, आलं. वैशालीची खोली कामगार वसाहतीच्या मागे आहे, भाड्याची. दोरीवर वाळणारे कपडे झटकून घ्यावे लागतात, राख बसते. तिने पाटवडीचा रस्सा केला होता. मी चार वेळा विषय काढायचं ठरवलं आणि चार वेळा नातवाच्या गणिताबद्दल विचारलं. जावई मात्र स्वतःच म्हणाला, "मामाजी, मी तिले हो म्हटलं नाई, नाई बी म्हटलं नाई. तुम्हीच काय ते बोला." म्हणजे तेही माझ्याच गळ्यात.

रविवारी सकाळी ती म्हणाली, गेटवर चला. पाळी बदलते तेव्हा वीज केंद्राच्या गेटबाहेर युनियनची सभा असते. मी तुमसरला राईस मिलमध्ये पोती उचलून म्हातारा झालो, तिथे आमचीही युनियन होती, म्हणून मला हा प्रकार नवा नाही. पण मुलीला तिथे उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मंच नाही, माईक नाही. सिमेंटच्या ओट्यावर चढून ती बोलली. लोक डबा हातात धरून, एक पाय सायकलवर ठेवून ऐकत होते. भोंगा वाजायच्या आत सगळं संपवायचं असतं, म्हणून वाक्यं छोटी आणि आवाज मोठा.

शेवटी तिने विचारलं, "संध्याकाळच्या चर्चेले नागपूरले कोण कोण येते? हात वर करा."

हात वर झाले, पण भराभर नाही. एका बाईने वर केलेला हात खाली घेतला आणि ओरडून सांगितलं, "वैशालीताई, माही सासू दवाखान्यात आहे, माहा हात मोजू नोका." कोणी तिला नावं ठेवली नाहीत. शेजारी उभे असलेले कवडूजी युनियनचे जुने माणूस. मला म्हणाले, "भाऊ, इथं हात वर केला म्हणजे ते काम अंगावर घेतलं. मंग तो माणूस आला नाई तर आमी त्याच्या घरी जातो." आमच्या मिलमध्येही असंच होतं. संपाचा ठराव असला की हात वर करण्याआधी माणूस घरच्या पिठाच्या डब्याचा विचार करायचा.

दुपारी दोन गाड्या भरून सगळे नागपूरला आलो. बर्डीजवळचा एक हॉल होता, पंखे चांगले, खुर्च्या गादीच्या. माझा मेव्हणा प्रभाकर प्रतापनगरहून आला होता, एका कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. सत्ताधाऱ्यांचा पक्का मतदार. माझ्याशेजारी बसत म्हणाला, "भाऊजी, भाची आपली हुशार आहे हो, पण नाव फुटकी धरली तिनं."

मंचावर तिघं जण. मध्ये एक निवृत्त प्राध्यापिका, त्या चर्चा चालवणार. एका बाजूला सत्ताधारी पक्षाचे वकीलसाहेब, दुसऱ्या बाजूला वैशाली. विषय होता, या डाव्या पक्षाची धोरणं आज चालतील का आणि त्याला मतं मिळतील का. वैशालीने माईक असूनही गेटवरच्या आवाजात सुरुवात केली. पहिल्या रांगेतल्या एका बाईने कानावर हात ठेवला. कवडूजींनी हाताने खूण केली, हळू, हळू.

ती सांगत होती की कायम स्वरूपाच्या कामावर कायम कामगार घ्या, वीज सरकारच्याच हातात ठेवा, गरिबाच्या घरी आधी पैसे भरा मग दिवा लावा असं मीटर नको. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "ऐकायला गोड आहे. पैसा कुठून आणणार?"

"साहेब, आमचा पगार आजही वीज केंद्राच्याच पैशातून येते. फक्त मधात ठेकेदाराच्या हाताले लागून येते."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पण वकील सोडणारे नव्हते. "सगळ्यांना कायम केलं की खर्च वाढणार. मग वीज महाग होणार. हो की नाही?"

मी मनात म्हटलं, नाही म्हण, पोरी. ती म्हणाली, "थोडी होईन. हो. म्हणून आमचं म्हणणं आहे का वाढ मोठ्या कारखान्यावर टाका, घरावर नोको."

"कारखाना दुसऱ्या राज्यात जाईल," वकील म्हणाले. प्रभाकरने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

प्रश्नांच्या वेळी विरोधी आघाडीतल्याच मोठ्या पक्षाचा एक कार्यकर्ता उठला. "तुम्ही उभे राहता आणि आमची मतं खाता."

"भाऊ, मतं काय तुमच्या घरची भाजी आहे, खायले?" वैशाली म्हणाली. "तुम्ही जागा द्या, आम्ही सोबत आहो. नाई द्यान तरी आम्ही तुमच्या विरोधात बोलणार नाई. आमचं आमी बोलू."

मग एक म्हातारे गृहस्थ उठले, माझ्याच वयाचे. त्यांचे वडील नागपूरच्या कापड गिरणीत होते. "तुमच्या झेंड्याने संप केले, गिरण्या बंद पडल्या. माझा बाप घरी बसला. त्याचं काय?"

वैशाली म्हणाली, "काका, गिरण्या संपानं बंद पडल्या असं मले नाई वाटत. पण तुमचे बाबा घरी बसले तवा आमच्यातलं कोणी त्यायच्या दारी गेलं होतं का, ते मले मालूम नाई. जाले पाहिजे होतं." ते गृहस्थ बसले. समाधान झालं असं नाही, पण बसले.

शेवटी प्राध्यापिकाबाई हसून म्हणाल्या, "चला, एक गंमत करू. ज्यांना वाटतं की हा पक्ष ही जागा जिंकेल, त्यांनी हात वर करा."

मागून कॉलेजच्या पोरांचे दोन-तीन हात वर झाले. आमच्या तीन रांगा, खापरखेड्याहून गाडी करून आलेल्या, एकही हात नाही. कवडूजी मांडीवर हात ठेवून बसलेले. मंचावर वैशालीचाही हात टेबलावरच.

हॉल खदखदून हसला. वकीलसाहेबही हसले. प्रभाकर तर डोळे पुसत म्हणाला, "अहो भाऊजी, ह्यायचेच लोक ह्यायले मत देत नाई!" मला वाटलं, झालं, आता तिला समजवायची गरजच नाही.

वैशालीने माईक ओढला. "बाईसाहेब, आमच्यात हात वर करणं म्हणजे काम अंगावर घेणं. जिंकून देणं आमच्या हातात नाई, ते लोकायच्या हातात आहे. मंग खोटा हात कसा वर करावा?" ती तीन रांगांकडे वळली, आणि आवाज पुन्हा गेटवरचा झाला. "निवडणुकीपर्यंत दर रविवारी वस्तीत फिरायले कोण येते?"

हात वर व्हायला लागले. सकाळसारखेच, एक एक, विचार करून. एकाने अर्धा वर केला, बायकोकडे पाहिलं आणि पूर्ण वर केला. कोणी हसत नव्हतं. मी ते पाहत होतो, आणि प्रभाकर माझ्याकडे पाहत होता.

"भाऊजी, तुम्ही काय करून राहिले?"

माझा हात वर होता. राईस मिलमधली इतक्या वर्षांची सवय. शेजारच्या रांगेत हात उठले की खांदा आपोआप उठायचा. खाली घेता आला असता, त्या सासूवाल्या बाईने घेतला तसा, ओरडून कारण सांगून. पण काय कारण सांगणार होतो? माझी मुलगी पडेल अशी भीती वाटते, म्हणून? हात राहिला तसाच.

बाहेर चहा घेताना कवडूजी म्हणाले, "भाऊ, तुमचा हात पाहिला मी. तुमसर दूर आहे, पण पाहिला."

वैशाली जवळ आली. मी म्हटलं, "पोरी, मी तुले नाई म्हणायले आलो होतो वं."

"मालूम आहे, बाबा. मंग हात काहून वर केला?"

"सवयीनं गेला."

"सवय तुमचीच ना," ती म्हणाली आणि माझ्या कपातला अर्धा चहा प्याली. लहानपणी प्यायची तसाच.

रात्री प्रतापनगरला प्रभाकरकडे मुक्काम केला. शांत वस्ती, रुंद रस्ते, कुत्री मात्र फार. जेवताना तो म्हणाला, "मत मी माझ्याच पक्षाले देईन, सांगून ठेवतो. पण पोरगी खोटं नाई बोलली." एवढं बोलून त्याने मला आणखी वरण वाढलं. सकाळी संत्री घेऊन दिली आणि स्टेशनवर सोडलं. परतीची गाडी उशिरा होती, त्यामुळे पाणी सोबत ठेवा.

घरी बायकोने पिशवीही घेतली नाही. "काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं. हाताचंही.

तिने पिशवीतलं एक संत्रं काढून सोललं. मग म्हणाली, "तिचा पास गेला तर तिच्या घराकडे कोण पाहीन, हे विचारलं का त्या युनियनवाल्यायले?"

नव्हतं विचारलं. येताना गाडीत मी बरंच काही आठवत आलो होतो. ते न उठलेले हात आठवले तर उलट धीर वाटत होता, की माझ्या मुलीच्या मागे खोटं बोलणारी माणसं नाहीत. पण बायकोचा प्रश्न खरा आहे, आणि धीराने चूल पेटत नाही. भीती जशी नेली तशीच परत आणली, हे वाचकांपासून लपवत नाही.

रविवारी पुन्हा जायचं आहे, हात दिला आहे. फिरायला निघण्याआधी त्या सगळ्यांसमोर मी उभा राहणार आहे. बोलता येईल की नाही ठाऊक नाही. एवढंच विचारीन: वैशालीचा पास उद्या बंद झाला, तर तिच्या घराकडे कोण कोण पाहील? आणि म्हणेन, हात वर करा.