आईंची पिवळी गोळी

"गोळी घेतली की आई किती छान असते ना, बाबा. नाहीतर आपली वाट लागते."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी ड्राय बाल्कनीत कपडे वाळत घालत होते आणि हॉलमध्ये माझा नवरा, निखिल, त्याच्या बाबांशी बोलत होता. बाबा नुसतं "हं" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढला. मी हातातली उशीची खोळ उगाच पुन्हा झटकली.

नव्या सुनेकडे किस्से फार लवकर साठतात. तिला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे कान मोकळे राहतात. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय माझ्या. बोरिवलीच्या या घरात निखिल, आई, बाबा आणि मी. "पोरगी शांत आहे हो," असं माझं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे कौतुक होतं. या शांत पोरीजवळ जे साठलंय ते सगळं एका गोळीभोवतीचं. मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात. मीही आधी हसायचे.

*

पावसाळ्यात आई सोसायटीच्या जिन्यावर घसरल्या. खांद्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी पिवळ्या गोळीबद्दल नीट सांगितलं. हिच्यात दोन औषधं आहेत, एक आपलं नेहमीचं पॅरासिटामॉल आणि दुसरं अफूच्या जातीचं. ऑपरेशननंतरच्या दुखण्याला चांगली, पण फार तर पाच दिवस, आणि लागेल तेव्हाच. सोबत दुसरं पॅरासिटामॉल नको, झोपेची गोळी नको, दारू नको. घेऊन गाडी चालवायची नाही. घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पोट साफ होणार नाही, त्यासाठी सिरप देतोय.

हे सगळं ते बाबांना सांगत होते, आणि बाबा मेडिक्लेमवाल्याशी फोनवर होते. डॉक्टर श्वास घ्यायला थांबले की बाबा फोन छातीला लावून "हो हो" म्हणायचे. मी शेजारी फाईल धरून उभी. ऐकणारी मी एकटीच, आणि मला कुणी सांगत नव्हतं.

*

सिरपचं काय झालं ते सांगते. बाबांनी ते टॉनिक समजून कपाटात वर ठेवलं. "हॉस्पिटलच्या फेऱ्या मारून मलाच अशक्तपणा आलाय," म्हणत स्वतःच दोन-दोन चमचे घ्यायला लागले.

बाबा रोज सकाळी नॅशनल पार्कात चालायला जातात. त्या दिवशी रिक्षाने परत आले. आमचं घर चौथ्या मजल्यावर, पण त्यांनी लिफ्टची वाटही पाहिली नाही, जिन्याने धावत आले. गुडघेदुखीवाला माणूस!

आई पलंगावर पोट धरून पडल्या होत्या. बाथरूमचं दार आपटल्याचं ऐकून म्हणाल्या, "पोट माझं गच्च झालंय आणि साफ यांचं होतंय."

त्या तेव्हा अजून अशा बोलायच्या.

*

समोरच्या सावंतकाकू भेटायला आल्या. आईंना शिंका येत होत्या, तर काकूंनी पर्समधून सर्दीची गोळी काढली. मी पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. हिच्यातही पॅरासिटामॉल. आईंची पिवळी तासाभरापूर्वीच पोटात गेली होती.

मी हळूच म्हटलं, "काकू, दोन्हीत एकच औषध आहे. डबल होईल."

"मग चांगलंच ना गं," काकू म्हणाल्या, "दोघी मिळून लवकर काम करतील."

आईंनी ती पाण्याबरोबर घेऊन टाकली. लिव्हरवर भार येतो वगैरे मी नंतर पोहे परतताना कढईला सांगितलं.

*

निखिल रविवारी टर्फवर क्रिकेट खेळतो. कंबर धरली, तर सोमवारी सकाळी आईच्या पाकिटातली एक पिवळी घेतली. "एकाने काय होतंय, यार." एवढं बरं, की अंधेरीच्या ऑफिसला बाइकवरून जायच्याऐवजी त्या दिवशी तो घरून काम करत होता.

अकराची मीटिंग, कॅमेरा चालू. हा खुर्चीत ताठ बसलाय, डोळे अर्धे मिटलेत. बॉसने विचारलं, दिवाळीच्या आठवड्यात सपोर्टला कोण थांबेल? निखिलची मान पुढे पडली. मग झोपेतच वर आली. मग पुन्हा पडली.

"ग्रेट, निखिल," बॉस म्हणाला, "तुझ्यासारखे आणखी दोघं पाहिजेत टीमला."

आमची पहिली दिवाळी त्याने लॅपटॉपपुढे काढली. गोळीचं नाव मात्र काढलं नाही.

*

पाच दिवस कधीच संपले. पाकीटही संपलं. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने सांगितलं की ही गोळी जुन्या चिठ्ठीवर पुन्हा मिळणार नाही, नवीन चिठ्ठी आणा. बाबांचा इगो दुखावला. "मुलगा लहान असल्यापासून याच्याकडून औषधं घेतोय, आणि हा मला चिठ्ठी मागतो!" त्यांनी त्या दुकानावर बहिष्कार टाकला आणि स्टेशनजवळचा दुसरा शोधला, जो काही विचारत नाही. त्याच्याबद्दल घरी येऊन म्हणाले, "माणूस सज्जन आहे."

पुढे फेरतपासणीला एक्स-रे काढला. हाड उत्तम जुळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "ती गोळी बंद केलीत ना?"

बाबा म्हणाले, "केव्हाच."

आई गोड हसल्या. मी फाईल सरळ केली.

*

गोळीतल्या आई खरंच गोड होत्या, हे मला मान्य करायला हवं. लग्न झाल्यापासून मी ज्यांना ओळखत होते त्या आई सडेतोड. भाजीवाल्यापासून बाबांपर्यंत कुणाची गय नाही. बाबांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला की अख्ख्या मजल्याला कळायचं. आता टॉवेल पलंगावर पडलेला असायचा आणि आई त्याच्या शेजारी हसत बसलेल्या असायच्या. माझ्या आईला फोन करून त्यांनी माझी स्तुती केली. माझ्या आईने मला लगेच फोन करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना तिकडे?"

दुपारी चारला बाबा आपण होऊन पाण्याचा ग्लास आणि गोळी घेऊन यायचे. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला पाणी दिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सावंतकाकू म्हणाल्या, "नवरा असावा तर असा!"

मग आई कणीक मळता मळता डुलक्या घ्यायला लागल्या. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी ओट्याशी तशाच उभ्या. एकदा जेवताना तोंडात घास तसाच ठेवून त्यांचा डोळा लागला. निखिलने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हसणारे चेहरे पाठवले, निखिलच्या मावसभावाने "चिल मावशी" असं लिहिलं. मी तो व्हिडिओ परत परत बघत होते. त्यांच्या छातीकडे. दोन श्वासांमध्ये किती वेळ जातोय त्याकडे.

*

मुलुंडच्या आत्या, म्हणजे बाबांच्या बहीण, एका रविवारी जेवायला आल्या. आई म्हणाल्या, हल्ली रात्री झोप लागत नाही. दुपारभर डुलक्या काढल्यावर कशी लागणार? आत्यांनी आपल्या झोपेच्या गोळीतली अर्धी मोडून दिली. या कुटुंबाचं प्रेम अर्ध्या-अर्ध्याने वाटलं जातं: चहा, मोदक, गोळी. मी "आत्या, नको" म्हणेपर्यंत आईंनी ती गिळलीसुद्धा. चारची पिवळी त्या दिवशी बाबांनी पाहुणे म्हणून लवकरच दिली होती.

आई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. बाहेर आइस्क्रीम चाललं होतं. मी पाणी ठेवायला गेले तर त्यांचं घोरणं ओळखीचं वाटेना. घर्र करून थांबायचं, आणि थांबलेलंच राहायचं. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी हलवलं, हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. माझ्या सासूला मी मारलं, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

मी बाहेर येऊन म्हटलं, "हॉस्पिटलला नेऊया, आत्ता." एवढं मी या घरात कधीच मोठ्याने बोलले नव्हते.

बाबा आत डोकावले. "उठलीय की. कशाला उठवलीस? किती दिवसांनी गाढ झोपली होती बिचारी."

आत्या म्हणाल्या, "घाबरट आहे रे तुमची सून." आणि मला बटरस्कॉच दिलं.

मी आतच जाऊन बसले, आत्या जाईपर्यंत आणि त्यानंतरही. आईंना डुलकी लागली की हात हलवायचा, बोलतं ठेवायचं. रात्री माझ्या आईला फोन केला. ती म्हणाली, "नवीन आहेस, बाळा. एवढ्यात तोंड उघडू नकोस. त्यांचं घर आहे."

आइस्क्रीमचं भांडं मी धुऊन ठेवलं. मला खरंच वाटलं, की या घरात एक दिवस बाई जाईल आणि सगळे म्हणतील, शांत झोपली होती.

*

गेल्या शनिवारची गोष्ट. सकाळी स्वयंपाकघरात आईंनी माझं मनगट धरलं. "मानसी, आज मला ती गोळी नकोय. डोक्यात कापूस भरल्यासारखं झालंय. मला माझंच बोलणं लांबून ऐकू येतं. यांना सांगू नकोस."

मी म्हटलं, "इतके महिने घेतलीय, आई. एकदम सोडू नका, त्रास होईल. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करू."

"डॉक्टरांना काय सांगणार? यांनी केव्हाच बंद म्हणून सांगितलंय."

दुपारपर्यंत त्यांना घाम सुटला. जांभया, नाक गळतंय, पाय एका जागी ठरत नाहीत. आणि त्यात बाबांनी आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर टाकला.

आई चिडल्या. किती तरी आठवड्यांनी. टॉवेलापासून सुरू झाल्या आणि तीस वर्षं मागे गेल्या: बाबांनी न विचारता सोडायला लावलेली शाळेतली नोकरी, गणपतीला माहेरी न पाठवलेली वर्षं, सगळं. आवाज कापत होता, पण आवाज त्यांचाच होता.

बाबा निखिलकडे वळून म्हणाले, "चार वाजायला आलेत. गोळी दे तिला."

निखिल पाणी आणि गोळी घेऊन आला. "आई, दुखतंय म्हणून चिडचिड होतेय तुझी. घे बघू, बरं वाटेल."

चिडल्या की आई मालवणीवर येतात. "माझो खांदो दुखणा नाय. माका गोळी नको."

"असं काय करतेस? घे ना," निखिल म्हणाला.

आईंनी बाबांकडे पाहिलं, मग निखिलकडे. आणि त्यांचा हात ग्लासाकडे जायला लागला.

तो ग्लास मी घेतला. गोळीही घेतली. तिघंही माझ्याकडे बघायला लागले, आणि मी ऐकलं तर मी बोलत होते:

"बाबा, मी आत्ता डॉक्टरांना फोन लावतेय. आई ही गोळी किती महिने घेतायत ते खरं सांगणार आहे. ती कशी कमी करायची ते आता ते ठरवतील, तुम्ही नाही. आणि त्यांनी विचारलं, एवढे दिवस दुखत कुणाला होतं, तर मी तुमच्या दोघांची नावं सांगणार आहे."