हलिमाचं वाक्य

मंडळी, आज क्लासहून आले आणि किती तरी वेळ गाडीतच बसून राहिले.

इथली सोमाली निर्वासितांची एक संस्था आणि काउंटीचं समाजसेवा खातं मिळून बायकांसाठी इंग्लिशचा क्लास चालवतात. डिपेंडंट व्हिसावर घरी बसून कंटाळा आला, म्हणून मी तिथे शिकवायला जाते.

आज हलिमा सगळ्यांच्या आधी आली. म्हणाली, "टीचर, माय मदर डाय. केनिया. कॅम्प."

सकाळीच फोन आला होता. तिला कामावरच्या सुपरवायझरला फोन करून सुट्टी मागायची होती.

"मी बोलते," मी म्हटलं. तिने नको म्हणून मान हलवली. "माय मदर. आय से."

मग आम्ही सराव केला. 'डाय' नाही, 'डाइड'. ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मी सुधारत राहिले.

फोनवर ती कुठेच अडखळली नाही. सुट्टी मिळाली. फोन ठेवून तिने मला विचारलं, "करेक्ट?"

मी "करेक्ट" म्हटलं आणि मग ती रडायला लागली.

माझी आई पुण्यात आहे. तुमच्यापैकी कुणाला असा फोन इथे, इतक्या लांब आला असेल, तर सांगा ना, समोरच्याने काय बोलायला हवं होतं? मला तर मराठीतही काही सुचलं नाही.