एकनाथचा ढिला ड्रम

बटालियनच्या बँडमध्ये मी साइड ड्रम वाजवायचो. माझ्या ठोक्यावर छावणीतली कबुतरं लेफ्ट-राइट करत चालायची. माझा जोडीदार लान्स नायक एकनाथ, फुलंब्रीचा. बँडवाले लढाईत काय करतात, असं लोक विचारतात. बँडवाला स्ट्रेचर उचलतो. जखमीला खाली आणणं हे आमचं दुसरं काम. म्हणूनच आम्हा दोघांना बर्फातल्या एका पोस्टवर पाठवलं.

तिथं चहा पीत नव्हतो, फोडून चघळत होतो. माझी उजवी मिशी एकदा दाराला लागून मोडली. रसद घेऊन येणारं खेचर माझ्या दंडावरची फीत बघून सॅल्यूट करायचं. सुट्टीवर आलो तेव्हा हे खेचर मी एकनाथच्या घरी सांगितलं. त्याची बायको, सुमनवहिनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ते मला पुढं महागात पडलं.

पोस्टच्या मंदिरात आरतीला हवा म्हणून एकनाथनं एक ड्रम पाठीवर बांधून वर नेला. पितळी, इंग्रजांच्या काळातला, बटालियनमधला सगळ्यात म्हातारा. साइड ड्रमच्या खालच्या कातड्याला तातीच्या, म्हणजे आतड्याच्या, दोऱ्या टेकलेल्या असतात. वर काठी पडली की त्या थरथरतात, ड्रमचा कुर्र आवाज त्यांचाच. वाजवून झालं की बाजूचा खटका खाली करायचा. दोऱ्या सुटतात, ड्रम गप्प बसतो. हा नियम. एकनाथनं तो कधी पाळला नाही. शिवाय खालचं कातडंही ढिलं ठेवायचा. बँड हवालदार प्रत्येक परेडला विचारायचे, "एकनाथ, ड्रम आहे का रॉकेलचा डबा?"

तो म्हणायचा, "उस्ताद, त्याला पण श्वास घ्यायला जागा लागते."

बंकरमध्ये ड्रम खुंटीला असायचा, खटका चालू. कुणी खोकललं तरी कुरकुरायचा. हेलिकॉप्टर येणार असलं की आमच्या कानांआधी त्याला कळायचं.

त्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. सिग्नलवाला दाढी करायला गेला म्हणून हेडसेट माझ्या कानावर होता. ड्रम कुरकुरला. थांबला. परत कुरकुरला. एकनाथनं खूण केली, हेलिकॉप्टर आहे का विचार.

मी खालच्या तळाला विचारलं.

"नेगेटिव्ह. आज फ्लाइंग नाही. ओव्हर."

मी मान हलवून नाही म्हटलं. एकनाथनं आधी ड्रमवर तळहात ठेवला, मग जमिनीवर. त्याचं तोंड हललं. तो काय ओरडला ते मला नंतर बाकीच्यांनी सांगितलं, "बाहेर. कातळाकडं." सगळे पळाले. मी मात्र हेडसेटमध्ये "से अगेन, से अगेन" करत बसलो होतो. कातळापर्यंत पोचलेला एकनाथ परत आत आला. त्यानं मला वायरसकट उचललं आणि दारातून फेकलं. मी कातळाशी जाऊन आदळलो. मग वरून बर्फ आलं.

आम्ही नऊ जण होतो. आठ उरलो.

एकनाथ दुसऱ्या दिवशी सापडला. ड्रम त्याच्या शेजारी होता, चेपलेला. एकनाथला खाली आणणारं स्ट्रेचर मी उचललं. ते माझं काम होतं.

त्याच्या घरी लष्कराच्या कागदावर दोन ओळी आल्या. ड्रम शेजारी सापडला ही गोष्ट मात्र गावात कागदाआधी पोचली. एकनाथ ढोलापायी परत आत गेला, असं लोक बोलायला लागले. मी फुलंब्रीला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. ड्रम न वाजवता वाजला, त्यामुळं आम्ही वाचलो, आणि तो परत आला तो माझ्यासाठी. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. चहाचा कप पुढं सरकवला.

"भाऊजी, तुमचं ते खेचर पण सॅल्यूट करतं."

मी चहा संपवला आणि उठलो.

ड्रम कंडेम झाला, म्हणजे कागदोपत्री बाद. निवृत्तीच्या वेळी साहेबांनी तो मला दिला. आमच्या मंडळींनी त्यात बरीच वर्षं लसूण ठेवला.

यंदा फुलंब्रीत शाळेच्या आवारात एकनाथच्या नावाचा दगड बसवायचं ठरलं. मी सगळ्यांसमोर बोलून बसलो की ड्रम आणतो, त्याला कुणी हात लावणार नाही आणि तो बोलेल. ही बातमी संभाजीनगरापासून वेरूळपर्यंत गेली. वेरूळच्या लेण्यांतले हत्तीसुद्धा कान टवकारून बसले असतील.

चिकलठाण्यात माझ्या दोस्ताचं, रफिकभाईंचं, लेथचं दुकान आहे. त्यांनी पितळेचा चेप काढला, गेलेले स्क्रू नवे पाडले. मी शेळीचं कातडं भिजवून कड्यावर चढवलं, वाळू दिलं, नव्या दोऱ्या ओवल्या. मग सूर. समोरासमोरचे स्क्रू पाव-पाव फेरा आवळायचे, प्रत्येकाजवळ टिचकी मारायची, आठही जागा एकच बोलेपर्यंत. ड्रम असा कडक लागला की विमानतळावरचं विमान उतरता उतरता परत वर गेलं.

पण तो आपणहून बोलेना. मी शिट्टी मारली, ओरडलो, फोनवर बिगुल लावला. मुका. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता.

रफिकभाई म्हणाले, "क्या उस्ताद, ये तो तुमसे पहले पेन्शन पे गया."

मी स्टुलावर बसलो. तेव्हा ध्यानात आलं. हा ड्रम मी माझ्यासारखा लावला होता. परेडचा, हवालदारांना आवडेल असा. हा एकनाथचा ड्रम होता. मी खालचे स्क्रू सोडायला लागलो. दोऱ्याही सैल केल्या. चांगला लागलेला ड्रम हातानं बिघडवणं ड्रमरला लई जड जातं. शेवटी टिचकी मारली. रॉकेलचा डबा. अगदी तोच.

रफिकभाईंनी उरलेल्या कामाला लेथ सुरू केला, आणि टेबलावरचा ड्रम कुरकुरला. त्यांनी लेथ बंद केला. ड्रम गप्प. परत चालू केला. परत कुर्र. रफिकभाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

फुलंब्रीत दगडासमोर टेबल, टेबलावर ड्रम. खटका चालू. लोक मला बघायला आले होते, म्हणजे माझी फजिती बघायला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. "सावधान" झालं. बिगुलवाल्यानं शहिदांसाठीची धून, लास्ट पोस्ट, सुरू केली. पहिला सूर गेला, काही नाही. दुसरा लांब सूर लागला आणि ड्रम बोलला. बिगुल थांबला की थांबायचा, लागला की बोलायचा. पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. यात माझं काही वाढवलेलं नाही.

वहिनी उठल्या. टेबलाखाली वाकून पाहिलं. मग ड्रमवर तळहात ठेवला, तसाच, एकनाथनं ठेवला होता तसा. आवाज दबला. हात काढला, परत आला. बिगुल संपेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. नंतर माझ्याकडं आल्या.

"परत आत तुम्हालाच न्यायला आले होते ते?"

"व्हय, वहिनी."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मग ते खेचर पण करत असंल सॅल्यूट."

ड्रम आता त्यांच्याकडं आहे, दाराजवळच्या खुंटीला. रस्त्यानं ट्रक गेला की कुरकुरतो. पाहुणे विचारतात, काय वाजतंय. वहिनी त्यांना सगळं सांगतात, पहिल्यापासून. खटका त्या खाली करत नाहीत.

लान्स नायक एकनाथ, ड्रमर. त्याच्या ड्रमवर आठ माणसं घरी आली. त्यातला एक मी.